तारवाल्या मर्व्हचा हंडा

"श्वास आवरा," मर्व्ह म्हणाला. "हंडा घाबरट असतो."

आणि खरंच, क्लबच्या तळघरातल्या हॉलमध्ये दाटीवाटीनं उभी असलेली सगळी माणसं चिडीचूप झाली. वर जानेवारीचं, म्हणजे आमच्या भर उन्हाळ्याचं ऊन आमच्या खाणगावाची, कूबर पीडीची माती भाजत होतं. खाली, टेकडी कोरून काढलेल्या त्या गार खोलीत बिअरचा आणि घामाचा वास कोंडला होता. पत्त्यांच्या टेबलावर एक टॅबलेट ठेवलेला. त्याच्या पडद्यावर जुगाराच्या खेळातला सोनेरी हंडा आणि हंड्यावर बक्षिसाचा लाल आकडा. आकडा एका जागी ठरत नव्हता. उतू जाण्याआधी दूध जसं वर चढतं, तसा चढत होता.

मर्व्ह टनिक्लिफनं काटकोनात वाकवलेल्या तांब्याच्या दोन तारा मुठींत धरल्या आणि टॅबलेटवर नेल्या. आधी त्या सरळ होत्या. मग टोकं थरथरली, जवळ आली आणि एकमेकींवर चढून त्यांची फुली झाली.

"पिकला," मर्व्ह पुटपुटला.

"पिकला... पिकला..." शब्द मागच्या भिंतीपर्यंत गेला.

"आता बघा. पिकलेल्या हंड्याला लहान हात लावला तर तो रुसतो." त्यानं सगळ्यांत मोठा डाव निवडला, डोळे मिटले आणि पडद्यावर बोट टेकवलं. चक्रं गरगरली. एक थांबलं, दुसरं थांबलं, आणि हंडा फुटला! पडद्यावर नाण्यांचा धबधबा, कर्णकर्कश वाजंत्री, आणि मध्ये एवढा मोठा आकडा की तो वाचायलाही दम लागावा.

हॉल फुटायचाच बाकी राहिला. बायका छातीवर क्रूस काढत होत्या. एका धिप्पाड ड्रिलवाल्यानं मर्व्हच्या टकलाचा मुका घेतला. माझ्या शेजारी लेफ्टेरिस उभा होता. माझ्या नवऱ्याचा खाणीतला भागीदार, आमच्या लग्नात ग्रीक रीतीनं आमच्या डोक्यावरचे मुकुट अदलाबदल करणारा धर्मभाऊ. नवरा गेल्यानंतर माझी पाण्याची टाकी कधी रिकामी राहिली नाही ती याच्यामुळे. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

"कातिना, बघ ना!" त्यानं स्वतःचा फोन माझ्या नाकासमोर धरला. तोच खेळ, तोच हंडा, आणि लाल आकडा चढतच होता. "अजून भरलेलाच आहे! आपल्यासाठी!"

"हं," मी म्हटलं. त्या गोंगाटात माझ्याही डोक्यात काही शिरलं नाही.

मी ओपल, म्हणजे इथल्या खाणींत सापडणारी रंगीत रत्नं, कापते आणि घासते. गावात कोणाला काय सापडलं आणि कोणाला काहीच सापडलं नाही, हे पाद्र्याच्या आधी मला कळतं. मर्व्ह हा ओपलचा पाणाड्या. पाणाड्या पाणी दाखवतो, मर्व्ह तारा धरून ओपल दाखवायचा. फार पूर्वी एकदा त्याच्या फुलीखाली दोघा भावांना लाल ठिणग्यांचा दगड सापडला होता. ती गोष्ट गावात अजून सांगतात. ज्यांना त्याच्या फुलीखाली नुसता पॉच सापडला, म्हणजे राखाडी, बिनरंगी, कवडीमोलाचा दगड, ते सामान बांधून निघून गेले. आणि गेलेली माणसं आपली गोष्ट सांगायला मागे राहत नाहीत. म्हणून मर्व्हच्या तारा कधी चुकल्या नाहीत.

ओपल दाखवून भागेनासं झालं, तेव्हा त्यानं तारा जमिनीवरून उचलून पडद्यावर धरल्या.

दर रविवारी त्याचं प्रवचन असे.

"गड्यांनो, ओपल कुठं असतं?"

"खाली!" हॉल ओरडे.

"नखानं उकरून लागतं?"

"नाही!"

"मग वीस सेंटचा डाव म्हणजे काय? नखानं उकरणं! दोन डॉलरचा डाव म्हणजे कुदळ. आणि सगळ्यांत मोठा डाव? तो शाफ्ट! सरळ धरतीच्या पोटात! हंडा तळाशी असतो रे, लहान डाव तिथवर पोचतच नाही. आणि तो भरतो कशानं? जगभरात जो कोणी हा खेळ खेळतो, त्याच्या प्रत्येक डावातला एकेक कण त्यात पडतो. एक हंडा, सगळ्या दुनियेचा! ज्यानं जास्त घातलं त्याला तो ओळखतो. हंडा कृतघ्न नसतो, गड्यांनो!"

"आणि नाही फुटला तर?" मी एकदा मध्येच विचारलं होतं.

मर्व्ह माझ्याकडे पाहून दयेनं हसला. "नाही फुटला म्हणजे तू खणायचं थांबलीस, कातिना. हंडा चुकत नसतो. माणूस लवकर दमतो."

कशी चोख बांधणी आहे पाहा. जिंकलात तर तारा खऱ्या, हरलात तर तुमचा हात आखूड. अशा माणसाला खोटं पाडणार कसं?

शिवाय मर्व्ह कोणाकडून एक सेंट घेत नसे. कोणी बिअर पाजू लागलं तर तीही नको म्हणे. अट एकच: खेळात शिरायचं ते त्यानं फोनवर धाडलेल्या दुव्यावरूनच. "माझ्या दारानं या. दुसऱ्या दारानं गेलात तर तारा तुमच्यासोबत येत नाहीत." गाव म्हणे, एवढा निर्लोभी माणूस, याला खोटं बोलून काय मिळणार?

पहिला गेला तो रेक्स. एकटा राहणारा, एकटा खणणारा माणूस. तो महिनाभर फोनला चिकटून होता. मग त्याची गाडी त्याच्याच खाणपट्ट्यावर दार उघडं ठेवलेली सापडली, आणि तो शाफ्टच्या तळाशी. पोलिसांनी पाय घसरला असं लिहिलं. आमच्याकडे पाय घसरतोच. जिकडे तिकडे उघडे खड्डे, फोटो काढायला दोन पावलं मागे सरकलेला पाहुणाही परत येत नाही. पण रेक्स त्या मातीत बावीस वर्षं चालला होता.

दफनाच्या वेळी मर्व्हनं टोपी काढली आणि डोळे पुसत म्हणाला, "अगदी जवळ आला होता बिचारा. एकच डाव उरला होता."

आणि माझ्या समोर उभ्या असलेल्या माणसांनी मान हलवली. रेक्सची कीव आली म्हणून नाही. "अगदी जवळ" या शब्दांवर. माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हा.

लेफ्टेरिसनं सुरुवात वीस सेंटांनी केली होती. पैसे हळूहळू झिरपत गेले. तो मर्व्हकडे गेला. "किती लावलेस?" मर्व्हनं विचारलं. "वीस सेंट? अरे, वीस सेंटनं हंड्याला गुदगुल्या होतात!" मग लेफ्टेरिसनं डाव वाढवला. पैसे झिरपायचे ते वाहू लागले. पुन्हा मर्व्ह. "शेवटच्या फेरीला हात आखडलास ना? मला तारांत कळलं. अर्ध्यावर सोडलेला शाफ्ट म्हणजे नुसता खड्डा, गड्या." खाणीतली माती ओढून काढणारा त्याचा ट्रक विकला गेला. ट्रक नाही म्हणजे खणणं नाही. लेफ्टेरिस आता दिवसभर टॉवरच्या टेकडीवर, जिथं फोनला नीट संपर्क मिळतो तिथं, दगडावर बसून असायचा.

एका सकाळी त्याची बायको एव्दोकिया माझ्या दुकानात आली. मी घासायचं चाक बंद केलं.

"घरातल्या मरियमच्या चित्रावरचं चांदीचं कवच गेलं," ती म्हणाली.

"चोरी?"

"चोर घरातच जेवतो, कातिना. जेवत होता म्हण. आता जेवतही नाही."

"तू काही बोलली नाहीस त्याला?"

"बोलले की. म्हटलं, बाबा रे, लावायचंच तर थोडं लाव. तर म्हणतो, थोडं थोडं लावूनच आपलं वाटोळं झालं. पहिल्याच दिवशी मोठा डाव लावला असता तर आज आपण मायदेशी, कलामाताला समुद्रावर घर बांधून बसलो असतो. आता राहतं घर विकायचा सौदा करतोय." तिनं डोक्यावरचा रुमाल तोंडावर धरला. "आणि काल मला विचारतो, रेक्सला फार दुखलं असेल का गं?"

मी दुकानाला कुलूप लावलं आणि शाळा गाठली.

वेस्ना राडुलोविच आमच्या शाळेत गणित शिकवते. जीभ अशी की कापायचं चाक बोथट वाटावं. मुलं तिला शाळेत असेपर्यंत घाबरतात आणि शाळा सुटल्यावर आवर्जून भेटायला येतात. रिकाम्या वर्गात बसून तिनं सगळं ऐकलं, मला तोच खेळ माझ्या फोनवर उघडायला लावला आणि वाचत बसली.

"काय वाचतेस?"

"नियम. हे पान उघडायला पैसे पडत नाहीत, म्हणून कोणी उघडत नाही."

"मला एवढंच सांग, डाव मोठा लावला तर हंडा मिळायची शक्यता वाढते का?"

"वाढते."

मी चपापले. "म्हणजे मर्व्ह खरं बोलतो?"

"अर्धं. बाजारात निव्वळ खोट्यापेक्षा अर्धं खरं महाग विकतं. दसपट लावलंस तर शक्यता दसपट, आणि नुकसानही दसपट. डॉलरमागे बघशील तर जिथल्या तिथं. काही खेळ असे असतात की सगळ्यांत मोठा डाव लावल्याशिवाय मोठा हंडा मिळतच नाही. मर्व्हनं ते कुठंतरी ऐकलंय. पण या खेळात तसं नाही, इथं स्वच्छ लिहिलंय: शक्यता डावाच्या प्रमाणात. वीस सेंटवालाही तळापर्यंत पोचू शकतो. म्हणजे जवळपास कोणीच पोचत नाही, तसा तोही पोचत नाही."

"आणि पिकणं?"

"पिकायला ते काय टरबूज आहे? प्रत्येक फेरी कोरी. आकडा वाढला म्हणजे बक्षीस वाढलं, ते जवळ आलं असं नाही." तिनं मान वर केली. "मला नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटतंय. हंडे किती आहेत?"

"एकच. सगळ्या दुनियेचा."

"एकच. आणि कोणी जिंकला की तो रिकामा होऊन पहिल्यापासून भरू लागतो. हेही नियमात आहे. मग मर्व्हनं सगळ्यांसमोर फोडला, तेव्हा बाकीच्यांच्या फोनवर काय झालं?"

माझ्या डोळ्यांसमोर लेफ्टेरिसचा फोन आला. अजून भरलेलाच आहे. आपल्यासाठी.

"काही नाही झालं," मी म्हटलं. "आकडा चढतच होता."

"हां," वेस्ना म्हणाली. "रविवारी मीही येते. मलाही पुण्य हवंय."

त्या रविवारी सकाळपासून वारा पडला होता. पश्चिमेला क्षितिजावर गंजासारखी एक रेघ उठली होती. धुळीचं वादळ येणार, हे म्हाताऱ्यांनी ओळखलं होतं. तरी हॉल गच्च भरला. मर्व्हनं वेस्नाला पाहिलं आणि हात पसरले.

"वा! मास्तरीणबाई! गणितानं दमल्या वाटतं."

"दमले बाई," वेस्ना म्हणाली. "तुमच्या तारांपुढं माझी पाटी कोरी. एवढंच करू या, मर्व्ह, आज सगळ्यांना तुमच्याबरोबर दर्शन घेऊ द्या. आपापला फोन उघडा, मंडळी, खेळ लावा, हंडा समोर ठेवा. मर्व्ह हंडा फोडतील ते आपण आपल्या हातात पाहू."

लोकांना कल्पना आवडली. बघता बघता हॉलभर लहान लहान लाल आकडे चमकू लागले. मर्व्हचा हात तारांकडे जाता जाता घुटमळला. पण भक्तांनी भरलेल्या खोलीत देवाला नाही म्हणता येत नाही.

"तारांना गर्दी आवडत नाही," तो म्हणाला.

"गेल्या रविवारी आवडली होती की!" मागून कोणीतरी ओरडलं.

तारा फिरल्या. फुली झाली. मोठा डाव, मिटलेले डोळे, बोट. वाजंत्री वाजली, टॅबलेटवर नाणी कोसळली. पण या वेळी कोणी ओरडलं नाही, कारण सगळे आपापल्या हाताकडे पाहत होते.

"नोरीन, तुझ्या फोनवर आकडा काय म्हणतो?" वेस्नानं क्लबच्या बारवालीला विचारलं.

"चढतोय," नोरीन म्हणाली.

"तुमच्या?"

"चढतोय."

"माझ्याही... चढतोच आहे."

"एक हंडा, सगळ्या दुनियेचा," वेस्ना म्हणाली. "मग मर्व्हनं आत्ता फोडला तो कोणाचा?"

मर्व्हनं ओठांवरून जीभ फिरवली. "अश्रद्ध माणूस खोलीत असलं की तारा दुसऱ्याच हंड्यावर जातात."

"असं? बघू मला जमतं का." वेस्नानं स्वयंपाकघरातून आणलेले दोन काटे पिशवीतून काढले, जेवायचे, साधे. ते माझ्या फोनवर धरून तिनं तोंडाचा चंबू केला, "पिकला, पिकला" म्हटलं आणि बोट टेकवलं. चक्रं फिरली, वाजंत्री वाजली, माझ्या फोनमध्ये नाण्यांचा पाऊस पडला. कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"मी आज करोडपती झाले," ती म्हणाली. "उद्या मात्र शाळेत जाईन, कारण हे सरावाचं खातं आहे. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलंय बघा, 'सराव'. मर्व्हच्या टॅबलेटवर त्या जागी चिकटपट्टी आहे, काढून बघा. खेळाच्या पानावर सगळ्यांत खाली एक दार आहे: आमचे प्रचारक व्हा. मी झाले. कोणीही होऊ शकतं. ते तुम्हाला असं खातं देतात, हवा तेव्हा हंडा फोडा, गिऱ्हाइकांना दाखवा. आणि एक दुवा देतात. त्या दुव्यानं जो कोणी आत येईल, तो जेवढे पैसे हरेल, त्यातला वाटा तुमचा."

कोणीतरी टॅबलेटच्या कोपऱ्यातली चिकटपट्टी सोलून काढली; खाली 'सराव' होतं.

"हरेल त्यातला?" नोरीननं विचारलं.

"हरेल त्यातला. जिंकलात तर मर्व्हला काही नाही. म्हणून तर तो म्हणतो, मोठा डाव लावा. मोठ्या डावानं माणूस लवकर हरतो."

"म्हणजे रेक्स..." ड्रिलवाला म्हणाला.

तारांचंही तेवढ्यात उरकलं. वेस्नानं त्या मर्व्हच्या हातून घेऊन नोरीनला दिल्या, तिला टेबलावरून चालवलं, आणि राखदाणीपाशी येताच कानात "इथं आहे" म्हटलं. तारांची फुली झाली. नोरीन दचकून म्हणाली, "मी काही केलं नाही!" आणि ती खोटं बोलत नव्हती. सैल धरलेल्या तारेला मूठ केसभर कलली तरी पुरतं. मन जे धरून बसतं तिकडं हात आपोआप कलतो, आपल्याला न विचारता.

मर्व्ह पाठ भिंतीला लावून उभा होता. त्याला मारतील असं मला वाटलं. त्यालाही वाटलं असावं. पण तो अगदी हळू, जवळजवळ शांतपणे म्हणाला, "मी कोणाचं बोट धरून दाबायला लावलं नाही."

हे खरं होतं, म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

मी लेफ्टेरिसला शोधू लागले. त्यानं हे ऐकायला हवं होतं. तो हॉलमध्ये नव्हता. जिन्याच्या वरच्या टोकाला एव्दोकिया उभी होती, केसांत लाल धूळ, हातात त्याचं मनगटी घड्याळ.

"हे टेबलावर काढून ठेवलंय," ती म्हणाली. "आणि लग्नाची अंगठी."

आम्ही वेस्नाच्या गाडीतून त्याच्या खाणपट्ट्याकडे निघालो. पश्चिमेची रेघ आता भिंत झाली होती, आकाशाइतकी उंच, आणि भर दुपारी दिवे लावावे लागत होते. खाणपट्ट्यापाशी गाडी थांबवून आम्ही एकामागे एक, गाडीच्या जुन्या चाकोरीवर पाय ठेवत चालू लागलो. दोन्ही बाजूंना मातीचे ढीग, आणि प्रत्येक ढिगाशेजारी एक काळं तोंड. वारा सुटला. एव्दोकिया हाका मारत होती, आणि हाक दहा पावलांवर विरून जात होती.

तो त्याच्या स्वतःच्या शाफ्टच्या काठावर बसला होता, पाय आत सोडून. मांडीवर फोन.

एव्दोकिया पुढं धावणार तोच वेस्नानं तिला हातानं अडवलं आणि स्वतः सावकाश जाऊन, त्याच्यापासून हातभर अंतरावर, मातीत बसली. मी मागे उभी राहिले.

"जवळ आलो होतो, मास्तरीणबाई," लेफ्टेरिस खाली बघत म्हणाला. "अगदी जवळ."

वेस्नानं त्याला मर्व्हची गोष्ट सांगितली. वारा शब्द पळवत होता, तिला ओरडावं लागत होतं. सराव, दुवा, वाटा. तो ऐकत होता. मग त्यानं मान हलवली.

"मर्व्ह चोर असेल. पण हंडा तर खरा आहे ना? मी सुरुवातीलाच मोठा डाव लावला असता..."

मला रडू फुटलं. त्या काठावर बसूनही तो डाव वाढवत होता. पण वेस्ना रडली नाही, तिनं उपदेशही केला नाही. शेजारी पॉचच्या तुकड्यांनी भरलेली बादली पडली होती. तिनं ती ओढली, कानातला निळा खडा काढून त्यात टाकला आणि हातानं ढवळलं.

"काढा. एक डॉलरला एक तुकडा."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. सवयीनं त्याचा हात बादलीत गेला. राखाडी.

"आता दहा डॉलर. दहा काढा."

त्यानं ओंजळ भरली. राखाडी, राखाडी, राखाडी.

"शक्यता दसपट झाली. दहा डॉलरही गेले. आता टाका परत."

"काय?"

"सगळं परत बादलीत. ढवळते मी. आता पुन्हा काढा. मगाशी किती काढले, हे बादलीला ठाऊक आहे का?"

वादळाचा पहिला झोत आला आणि त्याचा चेहरा दिसेनासा झाला.

"लेफ्टेरिस!" वेस्ना ओरडली. "तुम्ही आयुष्यभर खणलंत. एक फूट खणलंत की एक फूट कमी होतो, हो ना? काही नाही सापडलं तरी तेवढी जमीन संपते. उद्या तिथून पुढं. त्यात जवळ येणं असतं! इथं प्रत्येक फेरीनंतर कोणीतरी तुमचा खड्डा बुजवतो. काठोकाठ. मोठं फावडं घेतलंत तरी बुजवतो, लहान घेतलंत तरी बुजवतो. तुम्ही जवळ आला नव्हता. रेक्सही आला नव्हता. जवळ असं काही नाहीच तिथं!"

मी डोळ्यांवर हात धरून उभी होते, आणि मला फक्त ऐकू येत होतं. मग खडे सरकल्याचा आवाज आला.

"बुजवतात," लेफ्टेरिसचा आवाज आला. घशात माती गेल्यासारखा. "मला... कोणी सांगितलं नाही की बुजवतात."

त्यानं पाय वर घेतले होते. एव्दोकियानं त्याला कॉलरला धरून मागं ओढलं, एक ठेवून दिली, आणि मग दोघं मातीत बसून एकमेकांना धरून राहिली. आम्ही चौघं डोकी झाकून वादळ डोक्यावरून जाईपर्यंत तिथंच पडून राहिलो. उठून चालण्याची सोय नव्हती.

सगळं छान झालं, असं मी म्हणणार नाही. मर्व्ह दुसऱ्या दिवशी गावात नव्हता. हल्ली तो कुठल्याशा किनाऱ्यावरच्या गावात आहे म्हणतात, तिथंही तारा फिरतात. आमच्या गावातले काही लोक अजून सांगतात की मास्तरणीनं दृष्ट लावली नसती तर त्या रविवारी खरा हंडा फुटणार होता. एकानं तर वेस्नाच्या गाडीची काच फोडली. लेफ्टेरिसचा ट्रक परत आला नाही. तो आता दुसऱ्याच्या पट्ट्यावर रोजानं काम करतो. जुगार सोडवायला मदत करणाऱ्या बाईशी तो दर आठवड्याला फोनवर बोलतो, आणि त्याच फोनवर त्या खेळाचे निरोप येत राहतात: आम्हाला तुमची आठवण येते, परत या, पहिल्या फेऱ्या आमच्याकडून. दार बंद करावं तर दुसऱ्या नावानं उघडतं. कधी कधी तो एव्दोकियाला म्हणतो, "फोन तुझ्याकडे ठेव आज." त्या दिवशी आम्ही त्याला एकटं सोडत नाही.

तेव्हा माझं सांगणं साधं आहे. हंडा पिकत नाही. तो तुम्हाला ओळखत नाही, तुमची वाट पाहत नाही, तुमच्यावर रागावत नाही. डाव लहान लावा की मोठा, तुमच्या प्रत्येक डॉलरचं नशीब तेवढंच. मोठ्या डावानं फक्त शेवट लवकर येतो. तारा असोत, अंगारा असो, कोणाची सिद्धी असो, मान डोलावण्याआधी नियमाचं पान वाचा आणि विचारा, सगळ्यांसमोर, मोठ्यानं विचारा. आणि कधी पडद्यावरचा आकडा पाहून छातीत "जवळ आलो" असं धडधडू लागलं, तर फोन खाली ठेवा आणि शेजारच्या माणसाशी बोला. कोणाशीही. पण माणसाशी.